टोपाचा दुसरा कान

मोल्देची बाई क्रिस्तियानसुंदमध्ये नांदवायची, तर ती मोल्देची आहे हे कोणाला सांगायचं नाही, एवढं शहाणपण तोरलाइफकडे होतं. म्हणून त्याने गावभर सांगून टाकलं की सोलफ्रीद बोडोची आहे. अगदीच खोटं नव्हतं ते. लग्नानंतरची सगळी वर्षं तिने उत्तरेत बोडोला काढली होती, नवराही तिथेच वारला होता, आणि तिच्या बोलण्याला आता कुठल्याच गावाचा वास उरला नव्हता. जन्म मात्र मोल्देचा. मोल्दे म्हणजे आत फियोर्डात, डोंगरांमधल्या चिंचोळ्या खाडीत, अंग चोरून बसलेलं गुलाबांचं गाव. तिथे वारासुद्धा दार वाजवून आत येतो म्हणतात. आणि तरी जिल्ह्याच्या झाडून सगळ्या कचेऱ्या नेमक्या तिथेच! क्रिस्तियानसुंदच्या पोराला या गोष्टीचा राग आधी येतो आणि दात मागाहून येतात.

तोरलाइफ सुंदबोटीचा कप्तान होता. आता निवृत्त. गावाची बेटं एकमेकांना जोडणारी ती छोटी फेरीबोट त्याने उभी हयात चालवली. समोरचा धक्का इकडून दिसतो, आणि तिकडे पोचलं की इकडचा दिसतो, एवढाच त्याचा जगप्रवास. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मागच्या हिवाळ्यात लोकांनी फारच आग्रह केला म्हणून तो किनाऱ्याच्या मोठ्या बोटीने उत्तरेला फिरून आला, आणि त्या बोटीवर एका बाईने त्याला पत्त्यांत सलग हरवलं. शेवटच्या डावानंतर ती म्हणाली, "तुम्ही मुद्दाम हरताय की तुम्हाला खरंच येत नाही?" तोरलाइफने खरं काय ते सांगितलं, की येत नाही. ती हसली. त्या हसण्यावर म्हातारा खलास झाला.

आता सोलफ्रीद महिन्याभरासाठी म्हणून त्याच्याकडे आली होती. तिची सुटकेस अजून उघडून कपाटात लागली नव्हती. ती व्हरांड्यातच उभी होती, आणि तोरलाइफ रोज सकाळी तिला ठेचकाळत होता.

"उचलून आत ठेवू का गं?" त्याने एकदा विचारलं.

"राहू दे तिथेच," सोलफ्रीद म्हणाली. "हे बघ तोरलाइफ, सरळ सांगते. मी थंड गावात राहिले आहे, पण थंड घरात राहणार नाही. वर तुझी बहीण पाय आपटणार, खाली मी जीव मुठीत धरून बसणार, हे या वयात जमायचं नाही मला. शनिवारी तुमच्या इतिहास मंडळाची जेवणावळ आहे ना? त्या दिवशी गुनवोरबाईंनी मला आपलं म्हटलं, तर ही पेटी उघडते. नाही म्हटलं तर सोमवारच्या बोटीने मी बोडोला. भांडण नाही, रडारड नाही."

तोरलाइफला सोमवारची बोट आत्ताच सुटताना दिसली. कारण गुनवोरने आजवर कोणालाच आपलं म्हटलेलं नव्हतं. स्वतःच्या नवऱ्यालाही तिने तो गेल्यानंतरच चांगलं म्हटलं होतं.

गुनवोर ही त्याची थोरली बहीण. इनलांदे बेटावरच्या पिवळ्या लाकडी घरात वर ती राहायची आणि खाली हा. नाकावर माशी बसू द्यायची नाही. तरुणपणी एकदाच तिला मोल्देला जावं लागलं होतं, दाताच्या डॉक्टरकडे. दात तिथेच ठेवून ती परत आली आणि बोटीवरून उतरताच म्हणाली, "त्या गावाने आणखी एक वस्तू नेली आपली." गावात कोणीही बाकालाओ केला की वाटीभर तिच्याकडे यायचा. ती चमचाभर तोंडात घालायची, डोळे मिटायची, आणि म्हणायची, "हं. मीठ." जास्त की कमी, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

बाकालाओ म्हणजे या गावाचा जीव. खारवून, खडकांवर पसरून वाळवलेला कॉड मासा इथून जहाजं भरभरून स्पेन-पोर्तुगालला जायचा, आणि परत येताना खलाशांनी तिकडची रीत आणली: बटाटा, मासा, कांदा, टोमॅटो यांचे थरावर थर, वरून ऑलिव्हचं तेल आणि तिखट मिरची. इतिहास मंडळाची जेवणावळ त्याचीच, आणि टोप गुनवोरच्या घरचा. लढाईच्या वेळी गावावर बॉम्ब पडले, घरं पेटली, तेव्हा तिच्या आईने चांदीचे चमचे, नवऱ्याचं घड्याळ, सगळं मागे टाकलं आणि हा टोप तेवढा होडीत घातला. छोटी गुनवोर त्या टोपातच बसून पलीकडे पोचली. वडिलांनी पुढे कितीदा तरी घड्याळाची आठवण काढली. आई म्हणायची, "घड्याळ खाता येतं का?"

टोपाला दोन कान होते आणि तो एकट्या माणसाला हलायचा नाही. म्हणून एक कान गुनवोर धरायची आणि दुसरा तोरलाइफ. तो कान बाहेरच्या कोणाच्या हाती गेलेला नव्हता. मंडळाचे अध्यक्ष शेटिल मोठे हौशी गृहस्थ. त्यांनी एकदा मदतीला म्हणून हात पुढे केला, तर गुनवोरने त्या हाताकडे नुसतं पाहिलं. शेटिलने तो खिशात घातला.

तर अशा बहिणीपुढे सोलफ्रीदला उभं करायचं होतं. तोरलाइफने तिची शिकवणीच सुरू केली.

"वारा सुटला तर काय म्हणायचं?"

"'आज जरा हवा आहे.'"

"आणि छपरं उडाली तर?"

"'वारा आहे.'"

"शाब्बास! सुंदबोट सुटत असली तर?"

"धावायचं नाही. धावतो तो परगावचा."

"गुलाब?"

"गुलाब म्हणजे काय असतं?" सोलफ्रीदने भोळा चेहरा केला, आणि मग वैतागून म्हणाली, "अरे, पण माझ्या बापाची गुलाबाची बाग होती रे! माणसाने स्वतःच्या बापाची बाग किती दिवस लपवायची?"

"शनिवारपर्यंत," तोरलाइफ म्हणाला. त्याचं त्यालाच वाईट वाटलं, पण शनिवार अगदी तोंडावर आला होता.

शिकवणीत काही राहिलं नाही असं त्याला वाटत होतं. कुठल्या बेटाने कुठल्या बेटाला काय म्हणायचं, गावच्या ऑपेरात झोप लागली तर कोणत्या कुशीवर कलायचं, आजोबांच्या होडीचं नाव काय, सगळं झालं. मासा भिजवायचं काम तर सोलफ्रीदने आपणहून घेतलं. वाळलेला मासा पाण्यात घालायचा, पाणी बदलायचं, पुन्हा घालायचं. त्यावरच मिठाचं गणित ठरतं. पिंप तोरलाइफच्या तळघरात होतं आणि त्याचे गुडघे दुखत होते. वर गुनवोरला वाटत होतं की दरवर्षीप्रमाणे भाऊच पाणी बदलतोय. सोलफ्रीद प्रत्येक वेळी पिंपातल्या माशाचा एक कण मोडून जिभेवर ठेवायची, मान हलवायची आणि बाही वर सारून पुन्हा पाणी ओतायची.

जेवणावळ धक्क्यावरच्या जुन्या माशांच्या गोदामात होती. गोदामाची वास्तू आता मंडळाकडे होती. भिंतींवर जुने फोटो, जाळी, वल्ही, हुक असं सगळं टांगलेलं, आणि मागच्या बाजूला स्वयंपाकाची खोली. दुपारपासून टोप मंद आचेवर चढला होता. गुनवोर शेजारी स्टूल टाकून बसली होती. सोलफ्रीद कांद्याची सालं गोळा करत होती. गुनवोर तिच्याशी वाईट वागत नव्हती, आणि तीच तोरलाइफला काळजीची गोष्ट वाटत होती. ती तिला "तुम्ही" म्हणत होती, खुर्ची देत होती, आणि बोडोच्या हवामानाची चौकशी करत होती. पाहुण्याला निरोप द्यायची तयारी असते तशी.

इतक्यात बाहेरच्या दालनातून शेटिलचा आवाज आला. ते कोणाला तरी फोटो दाखवत होते. "...आणि ही खडकावर मासे पसरणारी बाई, नूरलांदे बेटावरची..."

गुनवोर ताडकन उठली. "नूरलांदेची? ती माझी आजी आहे, इनलांदेची! तोरलाइफ, चल. तू तिचं नाक ओळखशील." दारातून वळून ती सोलफ्रीदला म्हणाली, "तुम्ही बसा इथे जरा. तळाला लागू देऊ नका म्हणजे झालं."

आणि दोघं बाहेर गेली.

आता आजीच्या नाकावरचा वाद काही लवकर मिटणारा नव्हता. शेटिलने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. गुनवोरने भावाला फोटोशेजारी बाजूने उभं केलं आणि त्याच्या नाकावर बोट ठेवून सगळ्यांना विचारलं, "हे नूरलांदेचं नाक आहे का?" लोक जमले. कोणी म्हणालं, नाक जुळतं. कोणी म्हणालं, पण फोटोतलं जास्त देखणं आहे. तोरलाइफ निमूट उभा होता, आणि त्या गलक्यातच त्याला मागून कसलासा आवाज ऐकू आला. ठप. ठप. घसर्र. ठप. लोखंडावर लाकूड आपटल्याचा.

एक गोष्ट शिकवायची राहिली होती. राहिली म्हणजे काय, ती शिकवायची असते हेच त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. बाकालाओ ढवळायचा नसतो. थर मोडतात, माशाचा भुगा होतो, सगळ्याचा लगदा होतो. तळाला लागू नये म्हणून टोप कान धरून हलवतात. हे या गावात कोणी कोणाला सांगत नाही. श्वास घ्यायला तरी कोण शिकवतं? आणि या गावाबाहेरच्या कुठल्याही शहाण्या बाईला तळाला लागू देऊ नका म्हटलं, तर ती काय करेल?

तो आत धावला. सोलफ्रीद बाह्या सरसावून, दोन्ही हातांनी, मन लावून ढवळत होती. आणि ढवळत होती ती वल्ह्याने.

"अगं, हे काय चाललंय?"

"काय म्हणजे? तळाला धरायला लागलं होतं," ती धापा टाकत म्हणाली. "एवढं मोठं तुमचं स्वयंपाकघर आणि त्यात एक धड कालथा नाही रे! वाढायचा डाव होता, तो बुडापर्यंत पोचेना. मग हे भिंतीवरचं काढलं. धुतलंय हं साबणाने."

ते तोरलाइफच्या आजोबांचं वल्हं होतं. पात्यापर्यंत लाल झालेलं, आणि टोकाला कांद्याची एक चकती चिकटलेली. तोरलाइफने टोपात डोकावून पाहिलं. थर नावाची गोष्ट तिथे उरली नव्हती. जे होतं ते रंगाने छान दिसत होतं, एवढंच.

"दे ते इकडे," तो कसाबसा म्हणाला. "बाकालाओ ढवळत नाहीत गं."

सोलफ्रीदने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वल्हं थांबवलं. "तू सांगितलं नाहीस," ती हळूच म्हणाली. "वाऱ्याला काय म्हणायचं ते सांगितलंस, आणि हे नाही सांगितलंस."

त्याने वल्हं हातात घेतलं, आणि नेमकी त्याच क्षणी गुनवोर दारात उभी राहिली. तिच्या मागे शेटिल, आणि शेटिलच्या मागे नाकाचा निकाल ऐकायला आलेलं सगळं मंडळ.

गुनवोर पुढे आली, टोपात पाहिलं, वल्ह्याकडे पाहिलं. मागे एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली.

"थर गेले," गुनवोर म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "कोणी केलं हे?"

तोरलाइफला व्हरांड्यातली सुटकेस दिसली. तिची जागा रिकामी झालेली दिसली, आणि रोज सकाळी तिथून न ठेचकाळता जाणारा स्वतःचा पाय दिसला. त्याला एकदम फार भीती वाटली. बोट चालवताना इतक्या वादळांत कधी वाटली नव्हती तेवढी.

"मी," तो म्हणाला.

"तू?"

"मी ढवळलं. तळाला धरत होतं."

"तळाला धरलं तर काय करतात?"

"टोप हलवतात."

"कोणी शिकवलं तुला?"

"आईने."

"आणि तू काय केलंस?"

"ढवळलं," तोरलाइफ म्हणाला. वल्ह्यावरून एक थेंब त्याच्या बुटावर पडला. पिढ्यान्‌पिढ्या या गावात राहिलेल्या घरातला माणूस भरल्या मंडळासमोर हे कबूल करत होता. उद्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर, परवा सुंदबोटीवर आणि मग माशांच्या बाजारात हीच गोष्ट निघणार, हे त्याला दिसत होतं. आणि गंमत म्हणजे त्याला बरं वाटत होतं.

"पुरे झालं," सोलफ्रीद म्हणाली. तिने ॲप्रन सोडला आणि घडी करून टेबलावर ठेवला. "हा खोटं बोलतोय. ढवळलं मी. मला ठाऊकच नव्हतं की ढवळायचं नसतं. आणि एवढं झालंच आहे तर तेही ऐका. मी बोडोची नाही. मी मोल्देची आहे. माझ्या बापाची गुलाबाची बाग होती, आणि ती सुंदर होती."

शेटिलने चष्मा काढला. "दोन्ही एकाच दिवशी?" ते पुटपुटले.

"मोल्देची," गुनवोर म्हणाली, आणि जीभ आपोआप गालाच्या आत गेली, जिथे एकेकाळी एक दात होता. मग ती भावाकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि तरी म्हणालास, तू ढवळलंस. या सगळ्यांसमोर."

"म्हणालो."

"वल्ह्याने."

"आजोबांच्या," तोरलाइफ म्हणाला. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

गुनवोर त्याच्याकडे पाहत राहिली. असं तिने त्याच्याकडे फार वर्षांत पाहिलं नव्हतं. मग तिने डाव उचलला, टोपात बुडवला, फुंकर घातली, आणि तोंडात घेऊन डोळे मिटले. सगळं मंडळ श्वास रोखून उभं होतं. सोलफ्रीदने कोट घेतला होता, पण एकाच बाहीत हात घालून तीही थांबली.

"पेज झाली आहे," गुनवोर डोळे मिटूनच म्हणाली. "आजाऱ्याला भरवायची पेज. आई असती तर वल्ह्याने तुम्हा दोघांना..." ती थांबली. पुन्हा एकदा डाव बुडवला. पुन्हा डोळे मिटले. "पाणी कोणी बदललं?"

"काय?" तोरलाइफने विचारलं.

"माशाचं पाणी. तू नाही बदललंस यंदा. तू बदलतोस तेव्हा मला माहीत असतं, तुझं ते चुकलेलं मीठ दरवर्षी मीच गिळते. कोणी बदललं?"

"मी," सोलफ्रीद म्हणाली. "याचे गुडघे दुखत होते."

"हं," गुनवोर म्हणाली. "मीठ."

सगळे नेहमीप्रमाणे तिथेच थांबले, कारण तिचं वाक्य नेहमी तिथेच संपायचं.

"मीठ बरोबर आहे," गुनवोर म्हणाली.

मागे टोपी काढलेला म्हातारा खाली बसला. त्याने आयुष्यात पहिल्यांदाच हे ऐकलं होतं. गुनवोरने कोणाकडेही न बघता डाव ठेवला, पदराला हात पुसावेत तसे ॲप्रनला हात पुसले आणि टोपाचा आपला कान धरला.

"लोक भुकेले आहेत. वाढायच्या आधी एकदा हलवायला हवा, नाहीतर पेजसुद्धा जळेल." तिने सोलफ्रीदकडे मान वळवली. "कोट कसला घालतेस? ठेव तो. आणि धर तो कान."

सोलफ्रीद क्षणभर तशीच उभी राहिली, एक हात बाहीत, एक बाहेर. मग कोट खुर्चीवर पडला. इकडे तोरलाइफही सवयीने पुढे सरकला होता. इतक्या वर्षांचा हात तो. टोप हलवायचा म्हटलं की आपोआप कानाकडे जायचा.

"तू नको," गुनवोर म्हणाली. "हात लावायचा नाहीस तू आजपासून या टोपाला."

"अगं, पण ती आत्ताच म्हणाली ना, की तिने..."

"ती काय म्हणाली ते मी ऐकलं नाही. तू काय म्हणालास ते सगळ्यांनी ऐकलंय." गुनवोरने टोप आपल्या बाजूने उचलला, पलीकडून सोलफ्रीदने उचलला, आणि टोपाच्या आत सगळं गोल फिरून पुन्हा जागेवर बसलं. "ढवळणाऱ्या माणसाला आमच्यात जागा नाही. जा, बाहेर जाऊन ताटं मांड."

तोरलाइफ वल्हं खांद्यावर टाकून बाहेर गेला. ताटं मांडताना त्याला रडू येत होतं, आणि शेटिल त्याच्या पाठीवर थोपटत म्हणत होते, "जाऊ दे तोरलाइफ, होतं असं एखाद्याच्या हातून."